होडीवरून फिल्मवर मासेमारी टिपताना
होडीवर मुख्य अडचण प्रकाशाची असते; पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड प्रकाशमापकाला फसवतो आणि जाळे ओढणारा माणूस फिल्मवर नुसती काळी आकृती होऊन उमटतो. म्हणून मोजमाप पाण्यावरून न घेता, त्याच उजेडात धरलेल्या स्वतःच्या तळहातावरून घ्यावे आणि त्यापेक्षा एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) रंगीत निगेटिव्ह फिल्म येथे सर्वांत सोयीची, कारण ती थोडा जास्तीचा प्रकाश सहज पचवते. स्लाइड फिल्म, जिच्यावर उलट्या रंगांऐवजी थेट खऱ्या रंगांतले चित्र मिळते, तेवढी क्षमाशील नसते. होडी सतत डोलत असल्याने शटरचा वेग शक्यतो १/५०० सेकंद ठेवावा. भर उन्हात त्या वेगाला एफ/११ इतके भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) पुरते.

फेकजाळे पूर्ण उघडून पाण्याला टेकण्याआधीचा क्षण अत्यंत अल्प असतो, त्यामुळे फोकस आधीच ठरवून ठेवावा आणि जाळे टाकणाऱ्याच्या खांद्याकडे पाहत राहावे, कारण फेक तिथूनच सुरू होते. रोल संपत आला असेल, तर उरलेल्या दोन-तीन फ्रेमचा मोह सोडून तो आधीच बदललेला बरा. हे काम सावलीत, हात कोरडे करून आणि मच्छीमारांच्या हालचालींच्या आड न येता करावे. किनाऱ्यावर परतताच, खारे तुषार वाळण्यापूर्वी, कॅमेरा किंचित ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.