घाटात मुलांना गाडी लागते? श्रीखंडाचा डबा जवळ ठेवा

दिवाळीत कोल्हापूरहून रत्नागिरीकडे आजोळी निघालं की आंबा घाटाच्या वळणांवर लहान मुलांना उलटी होते, आणि साधी पिशवी ऐनवेळी गळते नाहीतर सापडतच नाही.

१. श्रीखंडाचा रिकामा, घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या.
२. आत पिशवी घालून तिची कड बाहेर दुमडा. तळाशी वर्तमानपत्राचा कागद चुरगळून टाका.
३. काम झालं की पिशवीला गाठ मारून झाकण लावा. वास गाडीभर पसरत नाही, घाट उतरून साखरप्याला थांबेपर्यंत निभतं.

प्रत्येक मुलाला वेगळा डबा, आणि तो हाताशीच हवा, डिकीत नको. मलकापूरला थांबून पाय मोकळे करून घ्या. चकली-शेव कितीही मागितली तरी फराळ घाट उतरल्यावरच. तोवर कोरडे कुरमुरे पुरे. मोबाइल मात्र घाट लागायच्या आधीच काढून घ्यायचा, काच थोडी खाली करायची आणि समोरचा रस्ता बघायला लावायचं. याने निम्मा त्रास टळतो.

उलटीचं औषध द्यायचं तर मात्रा मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.