स्वीडिश शब्द कसे पकडायचे : 'ओगा' घेऊन बसा

स्वीडनला नवीन आलेले बरेच जण विचारतात की भाषेचं काय करायचं. एसएफआय म्हणजे सरकारी कोर्स आहेच, पर्सनुम्मर (तिथला ओळख क्रमांक) मिळाला की नाव टाका, फुकट असतो. पण नुसत्या याद्या घोकण्यापेक्षा एकेक शब्द सोलून बघा असं माझं मत.

उदाहरणार्थ डोळा. एक डोळा 'एत ओगा', तो ठरावीक डोळा 'ओगात', डोळे 'ओगॉन', ते ठरावीक डोळे 'ओगॉनेन'. 'तो ठरावीक' हे सगळं शेपटातच येतं, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही कारण डोळ्याला, डोळ्यात करत आपण लहानपणापासून शेपटंच लावतोय. लिंगं दोनच, 'एन' आणि 'एत', पण कुठला शब्द कुठल्या गटात ते पाठ करा, लॉजिक शोधत बसू नका.

आता गंमत अशी की स्वरात संपणारे 'एत'वाले शब्द अनेकवचनात साधारण नुसता 'न' घेतात, सफरचंद 'एप्ले' तर सफरचंदं 'एप्लेन', मग डोळ्याचं 'ओगॉन' कुठून आलं? तर हे जुन्या काळचं रूप टिकून राहिलंय, कानाचंही तसंच, 'ओरा' आणि 'ओरॉन'. जुन्या नॉर्समधे, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, डोळा म्हणजे 'आउगा', जर्मनमधे 'आउगे', लॅटिनमधे 'ओक्युलस' आणि आपल्या संस्कृतातलं 'अक्षि', सगळे एकाच मुळाचे. इंग्रजी 'विंडो' पण नॉर्सच्या 'विंदआउगा'वरून आलाय, म्हणजे वाऱ्याचा डोळा, आणि खुद्द स्वीडिश लोक मात्र खिडकीला लॅटिन मुळाचा 'फोन्स्तर' म्हणतात, घ्या!

जोडशब्दात बहुतेक 'ओगॉन'च येतं. भुवई 'ओगॉनब्रीन', डोळ्यांचा डॉक्टर 'ओगॉनलेकारे', क्षण 'ओगॉनब्लिक' (जर्मनकडून आलेला, आपलं 'निमिष' तरी वेगळं काय). म्हणून अनेकवचन आधी पक्कं करा, हॉस्पिटलची पत्रं आपोआप कळायला लागतात.

रूपं बघायला स्वेन्स्का डॉट एसई वापरा, तिथे स्वीडिश अकादमीचे तीन शब्दकोश एकत्र आहेत. त्यातल्या मोठ्या ऐतिहासिक कोशाचं काम 1883 ला सुरू होऊन 2023 मधे संपलं, पण तुम्ही सुरुवातीला त्या तिघांतला 'एसओ' म्हणतात तोच कोश उघडा, रूपं आणि उगम दोन्ही मिळतं. उच्चार मात्र ऐकूनच शिका, 'ओगा'तला पहिला स्वर म्हणजे ओठ 'ओ'चे आणि जीभ 'ए'ची, देवनागरीत तो बसतच नाही.