थेरपिस्ट आपल्याला जुळेल का, हे कसं ओळखायचं?

आधी पदवी बघा, कारण आठवड्याभराचा कोर्स करून ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणारेही गावोगाव आहेत आणि मला ते फार गंभीर वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधं तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो, त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक बेधडक मागा. समुपदेशकाला मानसशास्त्रातलं शिक्षण आणि अनुभव विचारा. मरणाचे विचार येत असतील तर मात्र शोधत बसू नका, सरकारी रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी गाठा किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शिक्षण ठीक असलं तरी जुळेलच असं नाही. बाबांच्या आजारपणानंतर मला धडधडीचा त्रास सुरू झाला, तेव्हा मी एका अनुभवी बाईंकडे जात होते. वेळेच्या पक्क्या, बोलायला शांत. पण सासूबाईंचा विषय निघाला की त्यांचं एकच, “बाउंड्री आखा, वेगळं घर बघा.” आमच्या एकत्र कुटुंबात ते होणारं नव्हतं, आणि मला ते हवंही नव्हतं. पुढे ज्यांच्याकडे गेले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सकाळचा स्वयंपाक कोण करतं? तुम्ही जेवायला कधी बसता?” उत्तर देता देता मला रडू फुटलं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर मी ओट्याशी उभ्यानंच जेवत होते, आणि हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घराची घडी समजून घेऊन मग बोलणारं माणूस शोधा.

पहिल्या फोनवरच फी, सेशन किती वेळाचं, रद्द केलं तर पैसे जातात का, हे विचारून घ्या. भाषाही विचारा. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्यालाही आईवरचा राग मराठीतच काढावासा वाटतो.

मग पद्धत. आपल्याकडे आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, बरीच रुजली आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात ती मांडली. तिच्यात तुमच्या समजुती तपासल्या जातात, त्यांच्याशी वाद घातला जातो, घरचा अभ्यास मिळतो. सतत ‘असं व्हायलाच हवं’ म्हणणाऱ्याला ती मानवते. नुकतंच माणूस गेलं असेल तर तुम्हाला आधी नुसतं ऐकणारं कुणी हवं असेल. तसं सांगा.

तीन-चार सेशन द्या. मग मुद्दाम एकदा म्हणून बघा, “मला हे पटलं नाही.” समोरची व्यक्ती थांबून ‘काय खटकलं?’ असं विचारते की लगेच स्वतःची बाजू मांडू लागते, यावरून मला सगळ्यात जास्त कळलं. जुनी जखम निघाली की त्रास होणारच, त्याला घाबरू नका. पण जात, लग्न, मूल, लैंगिकता यांवरून उपदेश सुरू झाला तर उठा.

लहान गावात ओळखी निघतातच. तेव्हा शेजारच्या शहरातलं किंवा ऑनलाइन कुणी बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद असतो, म्हणून कोणती गोष्ट कुणाला सांगितली जाईल ते पहिल्याच भेटीत विचारा.

नाहीच जुळलं तर गुपचूप जाणं बंद करू नका. “मला वाटतं आपलं जुळत नाहीये, दुसरं कुणी सुचवाल का?” एवढा मेसेज पुरतो. चांगला थेरपिस्ट नाव सुचवतो, आणि तुमची परवानगी असेल तर आधीची माहिती पुढे कळवतो.