आरोपपत्र हातात पडलं की

भोसरीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला मी स्टोअरकीपरची कॉलर धरली. तिसऱ्या दिवशी कंपनीचं आरोपपत्र आलं. उत्तराला मुदत 48 तास.

कागद नाकारू नका. 'मिळाले' एवढंच लिहून तारीख-वेळेसह सही करा. मुदत अपुरी वाटली तर वाढ लेखी मागा.

उत्तर रागात लिहू नका. माझा पहिला मसुदा बायकोने फाडला, बरं केलं. दुसऱ्यात कॉलर धरली, शिवी दिली हे कबूल केलं, खेद लिहिला. 'मारहाण' मात्र केली नव्हती, ती ठाम नाकारली. बारा वर्षांची स्वच्छ नोंदही मांडली. साक्षीदारांच्या घरी जाऊ नका, तो दबाव ठरतो.

चौकशी संपेपर्यंत निलंबन झालं तर कामगाराला पहिले 90 दिवस निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. पुढे, उशीर आपल्यामुळे नसेल तर, 75 टक्के. चौकशीला हजर राहाच, नाहीतर ती एकतर्फी चालते. सोबत सहकारी प्रतिनिधी मागा, उलटतपासणी घ्या, प्रत्येक पानाची प्रत घ्या.

मला शेवटी शिक्षा म्हणून चार दिवसांचं बिनपगारी निलंबन झालं. परतलो तेव्हा मशीनवर जायच्या आधी स्टोअरच्या खिडकीशी गेलो आणि त्याची माफी मागितली.