गणित येणं वेगळं, गणित शिकवता येणं वेगळं

प्राथमिक शाळेत गणित शिकवायचंय म्हटल्यावर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी), शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं तुम्हाला पाठ असणार. त्यावर मी काही बोलत नाही. सीटेटच्या, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात गणिताचे ३० प्रश्न असतात, त्यातले १५ अध्यापनशास्त्राचे. क्लासमध्ये ते शेवटच्या रविवारी उरकले जातात. वर्गात उभं राहिल्यावर मात्र रोज लागतं ते त्या १५ प्रश्नांतलंच. म्हणून ते आधी करा.

शिकवताना सापळा कुठे आहे ते सविस्तर सांगते, कारण मीही त्यात बराच काळ होते आणि आजही घाईत असले की पाय तिकडेच वळतो. ५०३ वजा २७८ हे उदाहरण घ्या. एक मूल ३७५ लिहितं, दुसरं २३५. आपण दोघांना लाल फुली मारतो आणि म्हणतो, ‘हातचा नीट घे.’ पण पहिल्याने हातचा घेतलेलाच नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय: ५ मधून २, ७ मधून ०, ८ मधून ३. नियम चुकीचा, पण तिन्ही घरांत इमानाने पाळलेला. दुसऱ्याने शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाच ठेवले, नऊ केले नाहीत. त्याला बहुतेक सगळं कळलंय! दोघांना एकच वाक्य ऐकवलं तर पहिल्याला काहीच मिळत नाही आणि दुसरा आपल्याला गणित येत नाही असं ठरवून मोकळा होतो.

म्हणून फुली मारण्याआधी विचारा, ‘कसं केलंस, सांग.’ मग खेळातल्या नोटा काढा. शंभराच्या पाच नोटा, एक रुपयाची तीन नाणी. यातून २७८ द्यायचेत. सुट्टे पुरत नाहीत, दहाची नोटही नाही. मग शंभराची एक मोडायची, दहाच्या दहा आल्या. त्यातली एक मोडली, दहा नाणी आली. आता हातात शंभराच्या ४, दहाच्या ९ आणि नाणी १३. उत्तर २२५. मुलाच्या हाताने जे केलं तेच त्याच क्षणी वहीत लिहायचं. नोट न मोडता शून्यावर नुसता ९ लिहून दाखवलात, तर ५००२ आलं की सगळं मुळापासून परत.

आणि याच नोटा सहावीत दगा देतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ३.७ मोठा की ३.१२? बरीच मुलं ३.१२ म्हणतात, कारण ती तीन रुपये सात पैसे आणि तीन रुपये बारा पैसे असं वाचतात. तिथे पैसे बाजूला ठेवा, मीटर टेप आणा. ३.७ मीटर म्हणजे ३ मीटर ७० सेंटिमीटर, हे टेपवर बोट ठेवून दिसतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. अपूर्णांकांच्या बेरजेचा तिरकस गुणाकार परीक्षा हॉलमध्ये खुशाल वापरा, पाचवीच्या वर्गात नको. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलाला विचारा: अर्ध्यात काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? या प्रश्नावर अख्खी तासिका गेली तरी जाऊ द्या. पोर्शन मागे पडतो, वरिष्ठ विचारतात, पोटात गोळा येतो. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही कमी पडताय असं समजू नका.

मार्गदर्शक निवडताना दहावीचा निकाल लावणाऱ्या सरांमागे धावू नका. दुसरी-तिसरीला वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. बी.एड.ची इंटर्नशिप २० आठवड्यांची असते, ती पाठ टाचणांच्या फायली सजवण्यात घालवू नका. नवी मुंबईत तुर्भे, दिघ्याकडच्या शाळांत घरी हिंदी किंवा कन्नड बोलणारी मुलं भेटतील. त्यांना आधी त्यांच्या भाषेत मोजू द्या.

मानखुर्दला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी, तिथून हार्बरने पुढचंच स्टेशन. मुलं गणितात कसा विचार करतात यावर तिथे संशोधन चालतं. इतक्या जवळ असून आपल्याकडचे फार थोडे शिक्षक तिकडे फिरकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खासगी शाळेत मुलाखतीला डेमो लेसन मागतात. विषय तुमच्यावर सोडला तर हातच्याची वजाबाकी घ्या आणि एका मुलाला फळ्यावर बोलवून त्याची रीत मोठ्याने सांगायला लावा. चुकलं तर लगेच पुसू नका.