डिस्क गेली म्हणण्याआधी केबल बदलून बघा

कॉम्प्युटर रखडतोय, फाइल उघडताना अडकतोय, म्हणून लगेच नवी हार्ड डिस्क आणायला धावू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो (CrystalDiskInfo) हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्रॅम उघडा. त्यातल्या यादीत ०५, सी५ आणि सी६ (05, C5, C6) या खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे बिघडलेले छोटे कप्पे, मोजणाऱ्या ओळी आहेत; त्यांच्यापुढचे रॉ (Raw Values या रकान्यातले) आकडे शून्य हवेत. सी५ दिवसेंदिवस वाढत असेल, तर डिस्कला काही सेक्टर वाचताच येत नाहीयेत. सी७ (C7) ही ओळ डेटाची ने-आण होताना झालेल्या चुका मोजते; ती एकटीच वाढत असेल, तर दोष बहुतेक साटा केबलचा, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरचा. केबल बदलल्यावर सी७चा जुना आकडा उतरत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तेवढं पुरे.

डिस्क खरंच जात असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. त्याआधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्रॅम, अजिबात चालवू नका, आजारी डिस्कवर ताण वाढतो. टक्-टक् आवाज येत असेल आणि डेटा मोलाचा असेल, तर मशीन तिथेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

नवीन घेताना शक्यतो एसएसडीच, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्कच घ्या. लॅपटॉपमधली जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल, तर ७ मिलिमीटरची एसएसडी सैल बसते. तिथे प्लॅस्टिकची चौकट लागते, ती दुकानदाराकडून मागून घ्या. आणि लॅपटॉप उघडण्याआधी चार्जर काढा, डिस्कला हात लावण्याआधी बॅटरीही सोडवा.