मूळ भाषेतून शास्त्र (बायबल) वाचायचंय? रूथपासून सुरुवात करा

हिब्रू, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराची मुख्य भाषा, शिकायला घेतली तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. अक्षरं 22, लिहायची उजवीकडून डावीकडे आणि स्वरांच्या खुणा अक्षरांच्या अवतीभवती. काना-मात्रा-वेलांटीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं दडपण यायचं कारण नाही. महिनाभर रोज 20 मिनिटं अक्षरं हातानं लिहा, मोठ्यानं वाचा. व्याकरण पुरतं संपायची वाट मात्र बघू नका. दुसऱ्या महिन्यात थेट जुन्या करारातलं रूथचं पुस्तक उघडा. अध्याय 4, वचनं 85, गोष्टही सरळ. शेजारी मराठी शास्त्र आणि हिब्रू शब्दसूची (कोणता शब्द कुठे-कुठे आलाय ते दाखवणारी) ठेवा. एखादा शब्द पुन्हा भेटला की दोन्हीकडे एकाच रंगानं खूण करा.

मला असा भेटलेला शब्द म्हणजे ‘कानाफ’. दुसऱ्या अध्यायाच्या 12व्या वचनात, ज्याच्या शेतात रूथ धान्य वेचते तो बवाज तिला म्हणतो, ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला प्रतिफळ देवो. तिथे पंखांसाठी कानाफ आहे. पुढे 3:9 मध्ये मध्यरात्री खळ्यावर रूथ त्याला म्हणते, तुमचा कानाफ माझ्यावर पसरा. इथे अर्थ वस्त्राची कड, म्हणून भाषांतरात पांघरूण किंवा वस्त्र येतं. यात भाषांतरकाराचा दोष नाही, दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द मराठीत मिळणं अवघडच. पण मी तीस वर्षं हे पुस्तक वाचत होतो आणि रूथ बवाजला त्याच्याच प्रार्थनेची आठवण करून देतेय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ग्रीककडे, म्हणजे नव्या कराराच्या भाषेकडे, वळाल तेव्हा सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्रानं करा. शब्दसंग्रह थोडा आणि तेच शब्द फिरून फिरून येतात.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ विचारतो, तिथे ‘आगापाओ’ आणि ‘फिलेओ’ अशी दोन क्रियापदं आहेत. एक दैवी प्रीती, दुसरी नुसती मैत्री, असं मी एका अभ्यासगटात तासभर ठासून शिकवलं होतं. नंतर शब्दसूची घेऊन बसलो. पिता पुत्रावर प्रीती करतो, या एकाच गोष्टीसाठी योहान 3:35 मध्ये आगापाओ आहे आणि 5:20 मध्ये फिलेओ! पुढच्या बैठकीत मी माझं शिकवणं मागे घेतलं. तेव्हापासून नियम केला: शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्याच लेखकानं तो आणखी कुठे वापरलाय ते सगळं पाहायचं. कोशातला सर्वांत आकर्षक अर्थ उचलून वचनावर चिकटवायचा नाही.

मराठी काही बाबतींत आपली बाजू भक्कम करते. लूक 22:31 मध्ये सैतानानं ‘तुम्हांला’ मागितलं, म्हणजे सगळ्या शिष्यांना, आणि पुढच्याच वचनात येशूनं प्रार्थना केली ती ‘तुझ्यासाठी’, एकट्या पेत्रासाठी. ग्रीकमधला हा फरक मराठीत जसाच्या तसा उतरतो. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद ग्रीकमध्ये नाही. मार्क 4:38 मध्ये वादळात शिष्य ओरडतात तेव्हा बुडतोय कोण, आम्ही की आपण? ग्रीक क्रियापद दोन्ही सामावून घेतं, मराठीत मात्र एक निवडावंच लागतं. मी ‘आपण’ वाचतो. येशूही त्याच नावेत होता, उशीला डोकं टेकून झोपलेला.